डब्यात उद्याची भाजी: वेळेशी खोड्या करणाऱ्या वस्तूंची कथा कशी लिहावी

या प्रकारच्या कथेत टाइम मशीन नसतं, प्रयोगशाळा नसते, भविष्यातून आलेला माणूसही नसतो. घरातली एक साधी वस्तू असते आणि तिचं वेळेशी बिनसलेलं असतं. कुकरची शिट्टी आधी होते, गॅस नंतर पेटतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढच्या महिन्याच्या चौकोनांतही दुधाचा हिशेब लिहिलेला सापडतो, आणि अक्षर आपलंच असतं. अशी कल्पना सुचायला वेळ लागत नाही. अडतं ते दुसऱ्या पानावर. करामत एकदा दाखवून झाली की लेखकाला पुढे काय करावं कळत नाही, मग तो दुसरी करामत आणतो, तिसरी आणतो, आणि वाचक मोबाइल उघडतो.

माझ्या मते ही कथा कल्पनेवर चालत नाही, हिशेबावर चालते. वेळ किती सरकली, कुठून कुठे गेली आणि कुणाच्या ताटातून कमी झाली, एवढं कागदावर नीट मांडलं की प्रसंग आपोआप मिळत जातात. हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून खाली एकच कथा पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत बांधून दाखवतो. दिनकर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो. सुमन त्याची बायको. वस्तू म्हणजे स्टीलचा जेवणाचा डबा.

पहिली पायरी: वस्तू निवडा, घड्याळ सोडून

वेळेची कथा म्हटलं की हात आधी घड्याळाकडे जातो. तो मागे घ्या. घड्याळ बिघडतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे त्याच्या खोडीचं कुणाला नवल वाटत नाही. शिवाय वाचक पहिल्या ओळीतच सावध होतो.

त्यापेक्षा स्वयंपाकघरात उभे राहा आणि तिथल्या कुठल्या वस्तू आधीच वेळेचा व्यवहार करतात ते बघा. विरजण घ्या. कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात जातो, उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागतं, थंडीत रात्रभर वाट बघावी लागते. सासूच्या हातचं विरजण सून वीस वर्षं चालवते, म्हणजे त्या भांड्यात रोज थोडा काल असतोच. कुकर तर खरोखरच वेळ कापतो: आतला दाब वाढला की पाणी शंभरऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, आणि तासाभराची डाळ वीस मिनिटांत शिजते. शिवाय आपण वेळ मिनिटांत मोजतच नाही, शिट्ट्यांत मोजतो. कॅलेंडरवर गॅस लावल्याची तारीख, दुधाचे खाडे, पाहुणे येणार त्याची खूण. या वस्तूंना खोडी लावायला फार ओढाताण करावी लागत नाही.

निवडताना तीन गोष्टी तपासा. वस्तूला रोज हात लागतो का? निदान दोन माणसं ती वापरतात का? आणि ती मोडली तर घरात कुणी चिडेल का? ज्या वस्तूवाचून कुणाचं अडत नाही तिने वेळेचे कितीही चाळे केले तरी कथा होत नाही. फुलदाणी यात नापास. आजोबांची पेटी आणि जुना आरसा मला स्वतःला चालत नाहीत. त्या वस्तू मुळातच गूढ असल्याचा आव आणतात.

डबा तिन्ही कसोट्यांना उतरतो. एक जण भरतो, दुसरा उघडतो, आणि दोघांच्या मध्ये सहा-सात तास असतात. वर त्यावर नाव असतं. भांड्यांच्या दुकानात नाव घालून देणारा मशीनची सुई टेकवतो आणि टिंब टिंब करत अक्षरं उमटवतो. नंतर घासून घासून काही टिंबं पुसट होतात, पण बोट फिरवलं की लागतात. दिनकरच्या डब्यावर त्याच्या वडिलांचं नाव आहे. हे आत्ता फक्त लिहून ठेवा. ते कशाला लागेल हे ठरवायची घाई नको.

दुसरी पायरी: खोडी एका वाक्यात सांगा

वाक्यात 'कधी कधी', 'किंवा' आणि 'जणू' आले तर नियम अजून तयार नाही असं समजा. काही नमुने देतो, हवे तर घेऊन जा.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्याला पेला तोंडाला लावताच तो पेला आधी ज्यानं वापरला त्याची तहान लागते. पापाची तिकटीवरून घेतलेलं पायताण माणसाला काल याच वेळी तो जिथं होता तिकडे वळवतं. पंचगंगेकाठच्या घरात भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ मारलेली आहे, आणि या वर्षी एप्रिलमध्येच ती बोटभर वर सरकली आहे.

तिसऱ्यातला बोटभर महत्त्वाचा. रेघ एकदम छतापर्यंत गेली तर ती बातमी होते. बोटभर सरकली तर घरातला एक माणूस म्हणतो सरकली, दुसरा म्हणतो तुझा भास, आणि तिथे कथेला दोन तोंडं मिळतात. सरकलेली वेळ जितकी थोडी, तितकं माणसांना करायला जास्त उरतं. शंभर वर्षं मागे गेलेल्या माणसाला फक्त आश्चर्यच वाटू शकतं. पंधरा मिनिटं मागे गेलेला माणूस मात्र खोटं बोलू शकतो, उसने पैसे फेडू शकतो, भांडण टाळू शकतो.

डब्याचा नियम पहिल्या फेरीत असा: सुमन आज काहीही भरो, दिनकर उघडतो तेव्हा आत उद्याची भाजी असते. सोबत मर्यादाही लिहा, कारण वस्तूला काय जमत नाही हेही वाचकाला हवं असतं. डबा फक्त जेवण बदलतो. चिठ्ठी ठेवली तर चिठ्ठी आजचीच राहते.

तिसरी पायरी: हिशेब मांडा

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. कथा लिहायला बसायच्या आधी कागदावर दोन रकाने पाडा: सुमननं काय भरलं, दिनकरनं काय खाल्लं.

सोमवारी मेथी भरली, मंगळवारची वांगी खाल्ली. मंगळवारी वांगी भरली, बुधवारचा झुणका खाल्ला. बुधवारी झुणका भरला, गुरुवारची मटकी खाल्ली.

आता रकाने शेजारी ठेवून बघा. सोमवारची मेथी कुणीच खाल्लेली नाही. ती गेली कुठे? बहुतेक लेखक हा प्रश्न सोडून देतात, वाचक सोडत नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी काय व्हायचं, हा दुसरा प्रश्न. उद्या डबाच नाही, मग आज आत काय असणार?

दोन्ही प्रश्न एकाच बदलाने सुटतात. नियमातला 'उद्या' काढून टाका आणि 'पुढच्या वेळी' घाला: डब्यात पुढच्या वेळी जे भरलं जाईल ते आज निघतं. सुट्टी मध्ये आली तर ती वगळून पुढच्या दिवसाचं. आणि मेथी? ती मागच्या वेळी निघाली. मागची वेळ कोणती? दिनकरने डबा माळ्यावरून काढला तो सोमवारी. त्याआधी तो वडिलांनी वापरला होता, कामावरच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे सुमनची मेथी त्या दिवशी दिनकरच्या वडिलांनी खाल्ली.

पुसट टिंबांतलं नाव इथे कामी आलं. आता एक ओळ दिनकरच्या आईच्या तोंडी द्या, तीही कथेच्या सुरुवातीलाच, चुलीपुढच्या गप्पांत, कुणाचं फारसं लक्ष नसताना: "तुझे बाबा शेवटच्या दिवशी घरला आले आणि म्हणाले, मेथी झकास झालती. मी तर पिठलं दिलतं." वाचक हसून पुढे जाईल. तीन पानांनंतर त्याला कळेल की सासऱ्यानं न पाहिलेल्या सुनेच्या हातचं खाल्लं होतं, आणि एवढंही कळेल की वडिलांना डब्याचं सगळं ठाऊक होतं, जन्मभर कुणाला सांगितलं नाही. हा प्रसंग मी कल्पनेतून ओढून काढलेला नाही. रिकाम्या रकान्याने तो दिला.

हिशेबाचा दुसरा भाग म्हणजे उलटतपासणी. उद्याची भाजी आज कळली तर माणूस ती बदलायला बघणारच. दिनकर घरी जाऊन म्हणेल, उद्या वांगी नको. मग? तुमच्यापुढे रस्ते दोनच. एक तर वस्तू नेहमी खरी ठरते, किंवा भविष्य बदलता येतं आणि त्याची किंमत कुणीतरी मोजतं. एक रस्ता धरा आणि सोडू नका. मी पहिला धरतो, कारण छोट्या कथेत तो घट्ट बसतो. सुमन हट्टानं बटाटा करते. डबा भरताना शेजारीण वाटी घेऊन दारात उभी असते: "वांगी केलती, दिनकरभाऊंना आवडत्यात म्हणून आणली." बटाटा घरी राहतो. यात नियती वगैरे शब्द आणू नका, वाटी पुरे.

चौथी पायरी: खऱ्या वेळेची माहिती खिशात असू द्या

सगळी वापरायची नाही. पण खोटं पटायला आजूबाजूचं खरं बिनचूक लागतं.

कोल्हापूर साधारण ७४.२ पूर्व रेखांशावर आहे आणि भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशावरून ठरते. एका अंशाला चार मिनिटं धरली तर कोल्हापूरची स्वतःची वेळ भिंतीवरच्या घड्याळाच्या सुमारे ३३ मिनिटं मागे पडते. इथे सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी साडेबाराच्या पुढे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच्या सोळा-एक मिनिटं आधी, फेब्रुवारीच्या मध्यात चौदा-एक मिनिटं नंतर. प्रमाणवेळ १९०६ साली आली. त्याआधीच्या सवयीनं चालणारी एखादी वस्तू तुमच्या कथेत असेल तर ती ३३ मिनिटांनी चुकेल, अर्ध्या तासाने नाही. असा आकडा एकदा आला की वाचक बाकीच्यावरही विश्वास टाकतो.

घड्याळाशिवाय चैनच पडत नसेल तर निदान ते कसं अडतं ते नीट लिहा. सेलवरचं घड्याळ मरताना सेकंदकाटा बहुतेक वेळा नऊच्या आसपास थरथरत राहतो, कारण तिथून वर चढताना त्याला सगळ्यात जास्त जोर लागतो. लंबकाचं घड्याळ उन्हाळ्यात मागे पडतं: दांडी तापून लांबते, झोका सावकाश होतो. पोलादी दांडी असेल आणि तापमान दहा अंशांनी वाढलं तर दिवसाला पाच सेकंदांच्या आसपास. लंबकाखालचा नट फिरवून तो वर घेतला की घड्याळ पुन्हा पुढे धावतं.

आणि आपल्याकडे तर न बिघडताही वेळ वाकडी चालते. तिथी कधी २० तासांत संपते, कधी २६ तासांच्या पुढे जाते. जिला एकही सूर्योदय मिळत नाही ती क्षयतिथी. त्या दिवशीच काम करणारी, किंवा त्या दिवशी रुसून बसणारी वस्तू अजून मी कुठल्या कथेत पाहिलेली नाही. कुणी लिहिली तर वाचायला आवडेल. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं. तांब्याच्या वाटीला बारीक भोक पाडून ती पाण्यावर सोडायची, बुडली की घटका भरली. हे घटिकापात्र गळायचं थांबलं तर लग्नमंडपात काय गोंधळ उडेल, याचा विचार करा.

पाचवी पायरी: गाव वापरा, दाखवू नका

कोल्हापूर म्हटल्यावर तांबडा-पांढरा, रंकाळा, मिसळ आणि 'नाद खुळा' एकाच पानात कोंबायचा मोह होतो. पर्यटन खात्याचं काम आपण कशाला करायचं? कथेला लागेल तेवढंच गाव घ्या. डब्याच्या कथेला उद्यमनगरातलं एक शेड पुरे: लेथवरून उडणारे लोखंडाचे कुरळे किस, जेवणाच्या सुट्टीत कॉटन वेस्टने पुसलेले आणि तरी तेलाचा वास न सोडणारे हात, उलट्या ठेवलेल्या खोक्यावर पसरलेला कालचा पेपर.

पण काही ठिकाणी हे गाव स्वतःच वेळेची गोष्ट सांगतं, तिथे मात्र थांबा. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, तसंच ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि दिवसागणिक पायांपासून मुखाकडे चढतात. मध्ये ढग आला किंवा अडथळा आला तर सगळं हुकतं. महाद्वार रोडवरच्या एखाद्या दुकानातल्या काचेच्या बरणीत ते किरण दोन दिवस उशिरा पोचत असेल तर? दुसरी जागा, ६ मे २०२२. शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली म्हणून सकाळी दहा वाजता कोल्हापूर १०० सेकंद स्तब्ध उभं राहिलं. त्या शंभर सेकंदांतून सगळे बाहेर आले आणि रस्त्यावरची एक स्कूटर तेवढी आली नाही, अशी कथा दुसऱ्या कुठल्या गावात घडू शकत नाही.

बोली संवादात येऊ द्या, निवेदनात बेतानं. इथल्या बायका 'मी करतो, मी जातो' म्हणतात. सुमनच्या तोंडी 'करते' घातलंत तर कोल्हापूरचा वाचक तिथंच ओळखेल की ही बाई बाहेरची.

सहावी पायरी: पहिला प्रसंग

खोडी पहिल्या पानाच्या आत घडली पाहिजे आणि तिच्याकडे कुणी फार लक्ष देता कामा नये. साधारण असं:

*दिनकरनं झाकण फिरवलं. वांगी. शेंगदाण्याचं कूट वर तरंगत होतं.*

*"मेथी हाय म्हणून सकाळपास्नं सांगायलास," शेजारचा म्हणाला.*

*"मेथीच निवडत बसलीती काल रात्री."*

*"मग वैनी रातीत बदलली."*

*दिनकरनं भाकरी मोडली. वांगी चांगली झाली होती. संध्याकाळी डबा सिंकमध्ये ठेवताना तो म्हणाला, "वांगी झकास." सुमननं वळून बघितलं. "वांगी उद्या करतो म्हणलंय मी. सांगितलं कुणी तुला?"*

कुणी किंचाळलं नाही, कुणाच्या अंगावर काटा आला नाही. माणसं विचित्र गोष्टीला आधी रोजच्या कारणात बसवून बघतात. दुसरी प्रतिक्रिया भीतीची नसते, फायद्याची असते. शेडमध्ये बातमी फुटली की कुणीतरी विचारणारच: "पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर उद्या किती फुटावर असंल, ते दिसतंय का बघ की डब्यात." पावसाळ्यात ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी इथे पोरासोरांना पाठ असते, त्यामुळे हा विनोद त्या माणसाच्या तोंडी शोभतो. असा एक माणूस कथेत ठेवा. तो नियम तपासून घेतो आणि लेखकाला समजावून सांगायचं काम उरत नाही.

कारण मात्र कुणालाही सापडू देऊ नका. डबा असा का, याचं उत्तर दिलंत की कथा डब्याची होते. आपल्याला ती दिनकर-सुमनची हवी आहे.

सातवी पायरी: शेवट

आधी नको असलेले शेवट बाजूला करू. स्वप्न होतं. वस्तू विकणारं दुकान दुसऱ्या दिवशी त्या जागी नव्हतंच. सगळी घड्याळं एकदम थांबली. मेलेला माणूस जेवायला आला. हे इतके वापरून झालेत की वाचक ते अर्ध्या वाटेतच ओळखतो.

शेवट नियमातूनच यायला हवा. नियमाला अशा जागी न्या जिथे तो फक्त एकदाच जाऊ शकतो. आपला नियम: पुढच्या वेळी जे भरलं जाईल ते आज निघतं. मग पुढची वेळच नसेल तर? एका साध्या बुधवारी दिनकर झाकण फिरवतो आणि डबा रिकामा. घासून पुसून ठेवल्यासारखा कोरडा.

वाचकाला एव्हाना माहीत आहे की नोकरी संपली म्हणून डबा रिकामा होत नाही. वडिलांच्या शेवटच्या दिवशी मेथी निघाली होती. सुट्टीनेही होत नाही. मग काय होणार आहे? डबा बसमध्ये विसरेल, एवढं साधंही असू शकतं. किंवा भरणारं माणूस उरणार नाही, किंवा उघडणारं. दिनकर अर्धी रजा टाकून घरी येतो. सुमन कपडे वाळत घालतेय. "लवकर आलास?" तो काहीतरी सांगतो. संध्याकाळभर तिच्या मागेमागे करतो, जिना उतरताना हात धरतो, ती वैतागते. रात्री दिवा मालवायच्या आधी ती रोजचाच प्रश्न विचारते: "उद्या डब्याला काय करू?"

तिथे कथा थांबवा. दिनकरचं उत्तर लिहू नका. लिहायचा मोह झालाच तर वेगळ्या कागदावर लिहा आणि तो कागद संपादकाला पाठवू नका.

आठवी पायरी: दुरुस्ती

पहिला खर्डा झाला की दोन रकान्यांचा कागद पुन्हा काढा आणि कथेतल्या प्रत्येक जेवणावर बरोबरची खूण करत जा. एकही भाजी अनाथ राहता कामा नये. मग 'अचानक', 'विचित्र', 'गूढ' आणि 'काळ' हे शब्द शोधा; बहुतेक ठिकाणी ते काढल्यावर वाक्य सुधारतं. 'काळ' तर मी शून्यावर आणतो. कथेत वेळ असावी: जेवणाची, भोंग्याची, दुधाची.

लांबी १,५०० ते २,००० शब्दांच्या पुढे जाऊ देऊ नका, एका वस्तूचा एक नियम त्याहून जास्त ओझं पेलत नाही. दिवाळी अंकांना पाठवायची असेल तर पावसाळ्यातच तयार ठेवा, आणि पाठवण्याआधी एकदा अशा माणसाला वाचून दाखवा ज्याने खरोखर रोज डबा भरलाय. भाकरी डब्यात दुमडून ठेवतात की मोडून, हे त्याला विचारा.